समोरून

माझ्या मायनं शिवलेली कुंची पाटलीणबाईनं चिमट्यानं उचलली आणि पाणी तापवायच्या चुलीत टाकली. सगळ्या बायांसमोर. तिच्या नातवाचं बारसं होतं. त्या नातवाला जगात आणलं होतं माझ्या मायनं. आडवा आला होता. मायनं पोट चोळून चोळून वळवला, सोडवला. तेव्हा तिचे हात चालले. नाळ कापली आणि हात बाटले. पोरावर गोमूत्र शिंपडलं, मग आत नेलं.

आम्ही मायलेकी गोठ्याच्या दाराशी उभ्या. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. वस्तीतली कॉलेजात गेलेली पहिली पोरगी. मी तोंड उघडणार, तोच मायनं माझं मनगट दाबलं.

"चूप राह्य. लेकराचा दिवस हाय."

दुष्काळी कामावर खडी फोडून सोललेल्या बोटांनी तिनं ती कुंची शिवली होती. माझ्याच जुन्या परकराची.

धम्म घेतल्यापासून वस्तीनं गावकीची कामं सोडली होती. मेलेलं ढोर ओढणं बंद, शिळं मागणं बंद. सुईणपण तेवढं राहिलं होतं. बारशानंतर विहारात बैठक झाली. मीच उभी राहून म्हटलं, तेही बंद करा. सगळ्यांनी हात वर केले. मायनं नाही केला.

घरी आल्यावर म्हणाली, "बाई अडली तं तुहा ठराव कळ काढंन का?"

मी म्हटलं, त्या घरी गेलीस तर तुला माय म्हणणार नाही. ती भाकर थापत राहिली. त्या दिवसापासून एका चुलीवरचं खाल्लं, पण बोललो नाही.

मग पाटलाची लेक बाळंतपणाला आली. भरदुपारी गडी दारात. "चाल वं, मांगच्या दारानं बलावलं." शिरपूरच्या दवाखान्याकडं जाणारी बस केव्हाच निघून गेलेली. माय उठली, कापडाचं गाठोडं काखेत घेतलं. मी दारात आडवी झाले.

"जाय," मी म्हटलं. "पन समोरून."

मायनं गाठोडं सावरलं. मग पदर खोचला.

ओसरीवर पाटलीणबाई उभी. "मांगून ये," म्हणाली. माय पायरीवर बसली. आतून पोरगी ओरडत होती. एकेका ओरडण्याला मायचे गुडघे उचलायचे. वाटलं, आता उठते आणि गोठ्याकडून मागच्या दारानं आत पळते. नाही पळाली.

"पाटलीनबाई, लेक तुमची हाय. दार बी तुमचंच हाय. लवकर सांगा."

पाटलीणबाई बाजूला झाली. माय समोरून गेली, देवघरापुढून. मागोमाग मी.

लेक वाचली. नात झाली. आम्ही पायऱ्या उतरतो न उतरतो, तोच ओसरी धुतलेलं शेणाचं पाणी आमच्या टाचांवर आलं. माझ्या अंगाची आग झाली. माय सरकलीसुद्धा नाही.

"धुऊ दे. पुढच्या खेपीले बी धुवा लागंन तिले."

विहारात मी पुन्हा उभी राहिले. ठराव बदलून घेतला. बाई कोणाचीही अडो, माझी माय जाईल. समोरच्या दारानं जाईल. दार लावलं, तर पायरीवर बसेल. मग आत जे होईल ते दार लावणाऱ्याच्या माथी.