बाराची विशेष बॅच

मला पोहता येत नाही, आणि पोहण्याचे नियम मी लिहिले.

चूक एवढीच. पण ती पत्र्याच्या पाटीवर, ऑइलपेंटनं, जाड अक्षरांत केली आणि अख्ख्या गावाला दिसेल अशी टांगली, म्हणून वाढली. मी पंचायत समितीत कारकून होतो. कोणतीही गोष्ट क्रमांक घातल्याशिवाय मला पटत नसे. घरातली साखर संपली तर माझं बोलणं 'मागील महिन्याच्या साखरेस अनुसरून' असं सुरू होतं, असं बायको सांगत फिरायची. ती फार वाढवून सांगायची असं नाही.

बोरी अरबच्या पट्ट्यातलं आमचं गाव. कापसाचे ते वाईट दिवस. बोंडअळीनं खाऊन जो उरला त्याला भाव नव्हता, आणि गावाबाहेरची सरकी काढायची जिनिंग गिरणी बंद पडून होती. कापूस पेटायला विडीचं एक थोटूक पुरतं, म्हणून जिनिंगच्या आवारात आग विझवायला सिमेंटचा मोठा हौद असतो. आता आवारात कापूस नव्हता, त्यामुळे आगही नव्हती. हौद मात्र होता. त्या उन्हाळ्यात शेतातल्या बिनकठड्याच्या विहिरीत एक पोरगं पडलं. लगेच बाहेर काढलं, पण गावातल्या आयांनी असा धसका घेतला की पोरांना पोहता आलंच पाहिजे, असं सगळेच धरून बसले. जिनिंगच्या मालकानं हौद दिला. पाणी मोठ्या माणसाच्या छातीइतकंच ठेवायचं ठरलं. मुलांना शिकवायला तिथला चौकीदार, आणि मुलींना शिकवायला माझी बायको.

बायकोचं माहेर ढाणकीकडचं, पैनगंगेच्या काठचं. साडीचा काचा मारून ती हौदात उतरली की पाणी तिच्या ओळखीचं असल्यासारखं वागायचं. पोरांच्या कमरेला बांधायला तिनं वाळलेले भोपळे जमवले. कोणीतरी फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे आणले होते, ते तिनं पहिल्याच दिवशी भिंतीपलीकडे भिरकावले. अशा कामात माझा उपयोग शून्य. म्हणून मी नियम लिहिले. एक, मुलांची बॅच सकाळी सहाला. दोन, मुलींची सातला. तीन, मुलींच्या बॅचच्या वेळी पुरुषांनी आवारात थांबू नये. चार, हौदात कोणीही एकटे उतरू नये. खाली 'आदेशावरून' असंही लिहिलं. आदेश कोणाचा, ते मलाही माहीत नव्हतं.

आमच्या मागच्या गल्लीत तेरा वर्षांची एक मुलगी होती. तिचं बारसं मुलगा म्हणून झालं होतं. बोलायला लागल्यापासून ती 'मी पोरगी आहे' म्हणत आली. आईनं आधी रागावून पाहिलं, मग रडून पाहिलं, आणि मग एका दिवाळीला फ्रॉकचं कापड आणलं. गाव काही दिवस हसलं, पुढे त्याला सवय झाली. शाळेच्या दाखल्यावर मात्र 'मुलगा' तसाच राहिला होता, आणि मी पडलो दाखला मानणारा माणूस. मी तिला सहाच्या बॅचमध्ये घातलं.

थोड्या दिवसांनी तिची आई दारात आली. कापूस वेचून हातांना चिरा पडलेल्या, आवाज खणखणीत.

"साहेब, माही पोरगी रोज हौदावर जाते अन् कोरडीच वापस येते. तुम्ही तिले पाण्यात काहून घालत नाही?"

मी चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, "सारे पोट्टे उघडे, चड्डीवर. ते कुडतं घालून काठावर बसते, गुडघे पोटाशी घेऊन. मी म्हटलं, उतर. तं म्हणते, माही बॅच सातले हाये, मी वाट पाहून राह्यली. सातले तुमच्या पाटीकडं पाहते अन् घरी जाते."

तिची शेजारची मैत्रीण सातच्या बॅचला होती. दोघींचं सगळं एकत्र चालायचं, शाळेत जाणं, शेण्या गोळा करणं, भांडणंसुद्धा. एक पाण्यात आणि एक पाटीखाली, हे दोघींनाही सोसत नव्हतं. तिला मोठी पोहणारी वगैरे व्हायचं नव्हतं. मैत्रिणीबरोबर पाण्यात उतरायचं होतं, इतकंच.

मी पानठेल्यावर विषय काढला, ही माझी दुसरी चूक. मैत्रिणीचे वडीलच आधी बोलले. "तसं नाही साहेब, पण पोराची ताकद जास्त राहते. आमच्या पोरी मागं पडतीन."

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "कशात मागं पडतीन? शर्यत हाये का तिथं? सगळ्या भोपळे बांधून हातपाय झाडून राह्यल्या. अन् त्याची पोट्टी हिच्याहून हातभर उंच हाये."

"कपडे बदलण्याचा प्रश्न आहे," मी म्हणालो. कपडे बदलायला जिनिंगचं जुनं काटाघर होतं, कापूस वजन करायची खोली.

"तो माह्यावर सोडा. बारदान्याचे पडदे लावते, एकेकीचा कोपरा येगळा. पोरीले एकमेकीसमोरबी लाज वाटते, तुम्हाले काय मालूम? तुम्ही फकस्त तिले सातले येऊ द्या."

इथं कोणीही शहाणा माणूस 'बरं' म्हणाला असता. पण सातला येऊ दिलं तर पानठेला नाराज, आणि नाही दिलं तर बायको. अशा वेळी कार्यालयात आम्ही तिसरा मार्ग काढत असू, ज्यात सगळेच नाराज होतात पण दोष कोणाचा ते ठरत नाही. मी रंगाचा डबा घेऊन गेलो आणि पाटीवर पाचवा नियम लिहिला. विशेष बॅच, दुपारी बारा वाजता.

मे महिन्यात, यवतमाळ जिल्ह्यात, दुपारी बारा वाजता. त्या वेळी आमच्याकडे कुत्रीसुद्धा सावलीतली पायरी सोडत नाहीत. पण मला वाटलं, मी केवढं उदार काम केलं. मुलीच्या आईला सांगायला गेलो तेव्हा तिनं आभार मानावेत म्हणून जरा थांबलोही. तिनं आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि नुसतंच "बाराले?" म्हणाली.

घरी बायकोला म्हणालो, "उद्यापासून बाराला तिला शिकव."

"माही बॅच सातले हाये. बाराले मी जेवते."

"मग ती एकटी कशी उतरणार?"

"तेच म्हणते मी. चार नंबरचा नियम कोणी लिहिला? कोणीही एकटे उतरू नये. तवा तिच्यासंग कोणी तरी उतरलं पाहिजे." भाकरी तव्यावर टाकून ती वळली. "भोपळे मोठे घ्या. तुमच्या मापाचे दोन लागतीन."

दुसऱ्या दिवशी बाराला मी हौदावर उभा होतो. अर्धी चड्डी, बनियन, कमरेला दोन भोपळे. काठाचं सिमेंट इतकं तापलेलं की चौकीदारानं त्यावर ओला बारदाना टाकून ठेवला होता. वरचं पाणी चहासारखं गरम. मुलगी आली, तिची आई आली, आणि जेवायचं सोडून माझी बायकोही छत्री घेऊन निंबाखाली येऊन बसली. शिकवायला नव्हे, पाहायला, असं तिनं दोनदा सांगितलं.

पाणी माझ्या छातीपर्यंत होतं. त्यात बुडणं शक्य नव्हतं. मी ते शक्य करून दाखवलं. भोपळे कमरेला होते, त्यामुळे कंबर वर आली आणि डोकं खाली गेलं. मुलगी खळखळून हसली. त्या हौदावर ती हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली, तेसुद्धा पाण्याच्या आतून. निंबाखालून बायको ओरडली, "त्यांच्याकडं नको पाहू! तू हात लांब टाक! लांब! ते करून राह्यले त्याच्या उलटं कर!"

शिकवायची हीच पद्धत पुढे कायम झाली. माझ्या उलटं करत करत ती पोरगी तरंगायला लागली.

आठवड्याच्या आत मैत्रीण आली, भोपळा कमरेला बांधूनच. मी पाण्यातून हात वर केला. "ही विशेष बॅच आहे."

"काका, इशेष मंजे कोण, ते तं पाटीवर लिहेलच नाही," ती म्हणाली आणि उतरली. एवढी वर्षं कारकुनी करून व्याख्या द्यायची राहिली होती. तिच्या मागून आणखी दोघी आल्या. मग सातच्या बॅचमधल्या बाकीच्याही. कारण गावभर बातमी गेली होती की बाराला साहेब बुडतात आणि ते पाहायला पैसे पडत नाहीत. सातला बायको एकटीच हौदावर बसून परत यायला लागली. मुली सगळ्या बाराला. काटाघरात बारदान्याचे पडदे लागले. एकेका कोपऱ्यात एकेक जण कपडे बदलायची, आणि पडद्याआडून सगळ्या मिळून माझी नक्कल करायच्या. भोपळ्यांसकट.

आणि ती मुलगी हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, मैत्रिणीच्या बरोबरीनं. मैत्रीण आधी पोचली. ही मागून पोचली, नाकातोंडात पाणी घेऊन, आणि जग जिंकल्यासारखी आईकडे पाहत राहिली. आईनं पदर तोंडाला लावला. माझ्या बायकोनं छत्री कारण नसताना बंद केली आणि पुन्हा उघडली. मी त्या वेळी पाण्याखाली होतो. वर आलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

मग एका संध्याकाळी आया आल्या, आणि त्यांच्या पुढे मैत्रिणीचे वडील. पानठेल्यावरचे तेच.

"साहेब, बाराले पोट्ट्यांची डोकी दुखून राह्यली. काळ्याठिक्कर पडल्या. ही बॅच सकाळी सातले करा."

"कोणती बॅच?" मी विचारलं.

"जी हाये ते. पुरी."

"आणि ती मुलगी?"

त्यांनी चप्पल पायात नीट बसवली. "ती येईनच ना. तिच्याबिगर आमची पोट्टी पाण्यात उतरत नाही. म्हणते, ते नाही तं मी नाही."

ताकदीचं त्यांनी काही काढलं नाही, मीही काढलं नाही. रंगाचा डबा घेऊन गेलो आणि पाचव्या नियमातलं 'दुपारी बारा' खोडून 'सकाळी सात' करायला निघालो. बायको बरोबर होती. तिनं ब्रश माझ्या हातातून घेतला आणि पाचवा नियमच पुसला. मुलींची बॅच सातला, हे दुसऱ्या नियमात लिहिलेलं होतंच. तिथं काहीही बदलायची गरज नव्हती. मी एवढ्या उन्हात जो काही घोळ घातला, तो सगळा पहिल्याच दिवशी 'बरं' न म्हटल्याचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी सवयीनं भोपळे बांधून हौदावर गेलो. खरं सांगायचं तर मला ते पाणी आवडायला लागलं होतं. पायरीवर ती मुलगी उभी, वेणी वर बांधलेली, कुडत्याला गाठ मारलेली. मागे सगळ्या जणी आधीच पाण्यात. तिनं हात आडवा केला.

"काका, कुठं? पाटी वाचा. मुलींच्या बॅचले पुरुष थांबत नाही."

"बरं, मग मी सहाला मुलांबरोबर येतो."

"मी इचारलं पोट्ट्यांले. ते म्हणते, काका उतरले की अर्धं पाणी बाहेर जाते."

"मग मी बाराला येईन."

"बाराले या ना, तुमच्यासाठी ते इशेष बॅच ठेवू आम्ही," ती म्हणाली आणि पाण्यात उडी मारता मारता मागे वळली. "पण एकटं उतरता येत नाही, चार नंबर हाये. अन् तुमच्यासंग तं काका, कोणी उतरत नाही."