बारा टक्के ओल

लाकूड वाळायला आठवडे लागतात, किस्से मात्र चहा उकळेपर्यंत तयार! चिकलठाण्यात काकांची सॉ मिल आहे. परदेशात लाकूड सुकवण्याचं शास्त्र शिकून मी परत आले आणि काकांना लाकूड वाळवायची भट्टी घ्यायला लावली. आपल्या भागातलं एकही दार पावसाळ्यात फुगून अडू नये, एवढंच माझं स्वप्न. काकांनी बजावलं होतं, "गिऱ्हाईक तुटलं तर भट्टी विकीन."

*

ओल मोजायच्या मीटरला दोन सुया असतात. त्या लाकडात टोचायच्या. आकडा बारा टक्क्यांवर आला, की माल बाहेर. भट्टी सांभाळणाऱ्या रफिकभाईंनी पहिल्याच दिवशी सुया डब्यातल्या भाकरीत टोचल्या आणि घरी फोन लावला, "बेगम, भाकरी अभी गिल्ली है!"

दुसऱ्या दिवशी डबाच आला नाही.

*

एकदा भट्टीतली हवा काही केल्या कोरडी होईना. पंखे तपासले, वाफेचा नळ तपासला. शेवटी दार उघडलं, तर सागाच्या फळ्यांवर काकूंच्या कुरडया!

"बाहेर ढग आलेत गं," काकू म्हणाल्या. "तुझी भट्टी तर गरमच असती."

कुरडया छान वाळल्या. साग राहिला.

*

एक सुतार अडून बसला, "ताई, वरून तर खणखणीत कोरडं हाय!" मी फळी कापून मधोमध सुया टोचल्या. बावीस.

तो शांतपणे म्हणाला, "मग आपण वरवरच वापरू."

*

मग खुलताबादहून काकांचे व्याही आले. नव्या घराची चौकट बसवायचा मुहूर्त शुक्रवारचा, आणि त्यासाठी भट्टीत ठेवलेल्या त्यांच्या सागात ओल एकोणीस टक्के.

"अजून थोडं थांबावं लागेल," मी म्हणाले.

"मुहूर्त थांबत नाय, पोरी." ते काकांकडे वळले. "तुमच्यात आता लेकरं धंदा चालवतेत व्हय? द्या, नायतर दुसरीकडं जातो."

मीच म्हटलं, "काका, भट्टी विका हवी तर. पण हे लाकूड मी सोडणार नाही."

काकांनी माझ्या हातातला मीटर घेतला. स्वतः सुया टोचल्या. परत टोचल्या. मग व्याह्यांना घेऊन बाहेर गेले.

शुक्रवारी सकाळी मी मिलमध्ये आले, तर काकांच्या ऑफिसला दार नव्हतं. जुनी सागवानी चौकटसुद्धा नव्हती! भिंतीला नुसतं भगदाड, आत टेबलाशी काका, आणि त्यांच्या पायाशी रस्त्यावरचं कुत्रं.

"काका, चौकट कुठंय?"

"खुलताबादला. मुहूर्ताला गेली." काकांनी बशीतल्या चहावर फुंकर मारली. "त्यांची वाळली, की इथं बसवू. सावकाश वाळू दे."