एका खडकावर एक

पाणबुड्यांमध्ये दादांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. सिलिंडर नाही, नळी नाही. छातीत दम भरायचा, बोथट पातं घेऊन खाली जायचं आणि खडकाला घट्ट चिकटलेली, कानाच्या आकाराची शिंपली अलगद उचकटायची. अलगद, कारण तिला जराशी चीर गेली तरी रक्त थांबत नाही, बिचारी मरते. हे दादांनीच सगळ्यांना शिकवलं. नियमही त्यांचाच: प्रत्येक खडकावर एक शिंपली बियाण्याला सोडायची. जो सोडणार नाही त्याची भर किनाऱ्यावर अशी खरडपट्टी काढत, की विचारू नका!

तीस वर्षं सगळ्यांनी नियम पाळला. तरी शिंपल्या आटल्याच. चार वर्षांत पिल्लू म्हणून दिसलं नाही. "बोटींचं तेल," दादा म्हणायचे. विषय संपला.

त्यांची सून मत्स्य प्रयोगशाळेत कामाला. एका सकाळी चहाचा कप पुढे ठेवून ती चाचरतच म्हणाली, "बाबा, रागावू नका. नर आपलं बीज पाण्यात सोडतो, मादी अंडी. चार हातांच्या आत असतील तर ठीक. नाहीतर सगळं पाण्यात विरून जातं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही राखलेल्या आहेत, पण एकेकट्या. आता म्हाताऱ्याही झाल्यात. या हंगामात एकत्र आणल्या तरच काही आशा."

चहा तसाच राहिला. दोन दिवस दादा समुद्रावर गेले नाहीत. बायकोनं जेवायला हाक मारली तर तिच्यावरच खेकसले. राग सुनेचा नव्हता. आपल्याच हातानं वाट लावली, हे काही केल्या गिळवत नव्हतं. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण शिंपल्या एकत्र आणायच्या तर सगळेच हवेत; कुणी कुठल्या खडकावर शिंपली सोडलीय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पाणबुड्यांच्या संस्थेच्या खोलीत बोलावलं.

"मी तुम्हाला चुकीचं शिकवलं," दादा उभे राहून म्हणाले. "एका खडकावर एक ठेवून आपण त्यांचा वंश बुडवत आणला. आपण म्हणजे मी. ज्याला आपल्या जागा आठवतात, त्यानं उद्या माझ्याबरोबर यावं."

आता कुणीतरी फिदीफिदी हसणार, असं दादांना वाटलं.

दादांची बोलणी सगळ्यात जास्त खाल्लेला बोक्या मागच्या बाकावरून उठला.

"माझ्या एकोणीस आहेत," तो म्हणाला. "तुमच्या धाकानं सोडल्या होत्या. नाहीतर एकही उरली नसती, दादा. किती वाजता येऊ?"