पुन्हा तपासणी

आमच्या प्राथमिक शाळेचं पालकपत्र दर शुक्रवारी निघायचं. एकच कागद, पाठपोट. पुढच्या बाजूला शाळेच्या बातम्या, त्या मी लिहायची. मागच्या बाजूला पालकांसाठी आरोग्याचा सल्ला, तो शाळेच्या नर्स, म्हणजे आमच्या सिस्टर, लिहायच्या. माझ्या बातम्या काय, तर दुसरीच्या वर्गाने पेरलेल्या वाटाण्यांना कोंब आले. पाण्याच्या तीन बाटल्या आणि डाव्या पायाचा एक बूट सापडला आहे, ओळख पटवून न्यावा. एक बूट शाळेत विसरून मूल घरी जातं आणि घरात कुणाच्या ते लक्षातही येत नाही, हे कोडं मला चौतीस वर्षांत सुटलेलं नाही. ते पत्र काही पालक वाचायचे. बाकीच्यांचं दप्तराच्या तळाशी बोळा होऊन पडायचं.

सिस्टरना मात्र वाटायचं की प्रत्येक घरात कुणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवतं. म्हणून त्या एकेका शब्दासाठी अडून बसायच्या. 'मुलांना भरपूर पाणी पाजा' असं मी एकदा त्यांच्या मजकुरात लिहिलं, तर म्हणाल्या, "भरपूर म्हणजे किती, बाई? एखादी आई घाबरून बादली पुढे ठेवील." त्यांना जागा नऊ ओळींची, आणि त्या लिहून आणायच्या वीस. कात्री माझ्या हातात होती आणि माझा स्वभाव सगळ्या शाळेला ठाऊक होता. एकदा तापावर लिहिताना त्यांनी शेवटी घातलं होतं, 'औषध दिल्यावर थोडा वेळ कपाळावर हात ठेवून बसा. थर्मामीटरने ताप कळतो, पण जवळ कुणीतरी आहे हे मुलाला हातानेच कळतं.' मी म्हटलं, "सिस्टर, ही काय आरोग्याची माहिती झाली?" आणि दोन्ही वाक्यं उडवली. तेव्हा मला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं.

त्या वर्षीच त्या बदली होऊन आमच्याकडे आल्या होत्या. लहान चणीच्या, चाळिशी ओलांडलेल्या, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि नखं इतकी कापलेली की बघणाऱ्यालाच दुखावं. बस सोयीची पडते म्हणून बदली मागितली, असं सांगायच्या. पुढे मला कळलं की त्यांना दोन बस बदलाव्या लागत होत्या आणि जुनी शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर होती. जिन्याखालची खोली त्यांना मिळाली. तिथे एक वजनकाटा, भिंतीवर उंचीची पट्टी, एक कपाट आणि एकुलत्या एका खिडकीपाशी गोल स्टूल. त्या स्टुलावर मुलांना बसवून त्या डोकी तपासायच्या, म्हणून मुलं त्यांना उवाताई म्हणायची. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. "उवा कुणालाही होतात, बाई," म्हणायच्या, "स्वच्छ डोकं, घाणेरडं डोकं, त्यांना सगळं सारखंच. तेवढं एक पालकांच्या मनातून गेलं की माझी नोकरी सार्थकी लागली."

वर्षातून तीनदा सगळ्या शाळेची तपासणी व्हायची. प्रत्येक मुलाच्या कार्डावर त्या हिरव्या शाईने एक तर 'ठीक' लिहायच्या, नाही तर 'पु.त.', म्हणजे पुन्हा तपासणी. पु.त.वाल्यांनी दर गुरुवारी जिन्याखाली जायचं आणि आठवड्याचं कार्ड घरी न्यायचं, 'ठीक' मिळेपर्यंत. मुलांनी त्याचा एकच शब्द केला होता. मधल्या सुट्टीत ऐकू यायचं, "तुला पुत लागलं? मला नाही लागलं!"

माझ्या पहिलीच्या हजेरीत सतरा नंबरला एक मुलगी होती. तिला आपण सतरा नंबरच म्हणू. कंबरेपर्यंत केस, दोन घट्ट वेण्या, आणि समोरचा एक दात हलणारा. तो जिभेने ढकलत ती दिवसभर बसायची. अभ्यासात ना पुढे ना मागे. अशा मुलीकडे शिक्षकाचं लक्ष जात नाही, माझंही गेलं नसतं. पण दर गुरुवारी माझ्या गणिताच्या तासाला ती उठायची आणि म्हणायची, "बाई, पुत." एक गुरुवार झाला, चार झाले, सात झाले. बाकीच्यांचं पंधरवड्यात आटपायचं. इकडे माझी वजाबाकी चाललेली, आणि ही आपली जिन्याखाली.

आठव्या गुरुवारी मी तिला उठू दिलं नाही. आधी खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि वेण्या सोडून डोकं स्वतः पाहिलं. उवा आणि लिखा ओळखायला मला कुणी शिकवायला नको, चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतलाय. मानेवर पाहिलं, कानांमागे पाहिलं. डोकं आरशासारखं लख्ख. मग तिला खाली पाठवलं, वर्गाला पाढे लिहायला सांगितले आणि पाठोपाठ मीही उतरले.

दार अर्धवट उघडं होतं. सतरा नंबर स्टुलावर पाठमोरी बसून हलणाऱ्या दाताची हकिकत सांगत होती. सिस्टर तिचे केस विंचरत होत्या. हातात फणी नव्हती, साधा कंगवा होता. त्या शोधत काहीच नव्हत्या. नुसत्या विंचरत होत्या, वरपासून खालपर्यंत, सावकाश, आणि "हं, मग?" म्हणत होत्या. मी पोरीला वर्गात पिटाळलं आणि दार लावून घेतलं.

"सिस्टर, तिच्या डोक्यात काही नाही."

"नाही," त्या म्हणाल्या.

"मग आठ आठवडे हे काय चाललंय? माझा तास बुडतो. पोरीला वर्गात चिडवतात. खोटं लिहिता तुम्ही कार्डावर?"

त्यांनी कंगव्यात अडकलेले चार केस काढले, बोटाभोवती गुंडाळले आणि टाकले नाहीत. म्हणाल्या, "ती माझ्या बहिणीची आहे, बाई."

मग त्यांनी सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. बहीण गेली तेव्हा मूल पाच महिन्यांचं होतं. बाप दूर नोकरीला, वर्षाकाठी एकदा-दोनदा यायचा. सिस्टरचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं, त्यांनी पोरीला घरी आणलं. तीन वर्षं सांभाळलं. दात, पहिलं पाऊल, कांजिण्या, सगळं त्यांच्याकडे झालं. मग बापाने दुसरं लग्न केलं, घर मांडलं आणि मुलीला न्यायला आला.

"त्याचं चुकलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "मुलगी त्याचीच. म्हणाला, ताई, तिला एकच आई असू दे. दोन्हीकडे ओढ राहिली तर ती कुठलीच राहणार नाही. काही वर्षं येऊ नका. मी हो म्हटलं."

"हो कशाला म्हटलंत?"

"तिचं भलं होतं त्यात. आणि मला वाटलं, जमेल."

ते लोक आमच्या शाळेजवळ राहायला आल्याचं कानावर आलं, तेव्हा सिस्टरनी बदलीचा अर्ज केला. प्रवेशाच्या दिवशी बापाने त्यांना व्हरांड्यात पाहिलं. त्याने हात जोडले. तिला काही कळू देऊ नका, तिच्या आईलाही नको, एवढं म्हणाला. त्यांनी शब्द दिला.

"तिने ओळखलं?" मी विचारलं.

"पहिल्या तपासणीला म्हणाली, तुमचं नाव काय? मी म्हटलं, सिस्टर. मग भिंतीला पाठ लावून उभी राहिली, उंची मोजायला. तीन वर्षांत वीस सेंटिमीटर वाढलीय, बाई. ते वीस सेंटिमीटर मी बघितलेच नाहीत." त्यांनी मनगटाने डोळे पुसले. "तपासणीला प्रत्येकीला दोन मिनिटं मिळतात. वर्षाची सहा मिनिटं. पु.त. लिहिलं की पंधरा मिळतात, दर आठवड्याला. मी एकदाच लिहिणार होते."

माझं काम होतं, सरळ मुख्याध्यापिकांकडे जायचं. मी तडकाफडकी माणूस, लोकांनी भिडेपोटी झाकलेल्या गोष्टी उघड्या करण्यात माझी उभी हयात गेली. पण मला मूलबाळ नाही. अशी कुणाची वाट बघावी आणि ते माणूस हाताच्या अंतरावर पाठ करून बसलेलं असावं, हे ऐकल्यावर मला तसं करवेना. मी म्हटलं, "आणखी दोन गुरुवार. मग 'ठीक' लिहायचं. कबूल?" आणि वर येऊन गणिताचा तास दुसरीकडे हलवला. या खोट्यात मीही सामील झाले. त्याचं ओझं एकट्या सिस्टरवर टाकून मला मोकळं होता येणार नाही.

दुसरा गुरुवार उजाडलाच नाही. त्याआधीच्या सोमवारी सतरा नंबर वर्गात आली ती डोकं भादरून. कानांच्या वरपर्यंत नुसते बारीक खुंट. मुलं हसायला लागली, मी टेबलावर पट्टी आपटली. ती आपल्या जागेवर बसली आणि हात मानेवर फिरवत राहिली. तिथे काहीतरी होतं आणि आता नाही, हे तिला पुन्हापुन्हा बघावं लागत होतं. त्या दिवशी दात ढकलायचंही ती विसरली.

मधल्या सुट्टीत तिची आई आली. कापडाच्या दुकानात काम करणारी, तिशीतली, दोन तासांची रजा काढून आलेली. तिच्या हातात रबर लावलेली नऊ कार्डं होती. म्हणाली, "मला सिस्टरना भेटायचंय. आता तरी 'ठीक' मिळेल ना, एवढंच विचारायचंय." मी तिला खाली नेलं. सिस्टरना केसांचं कळलेलं नव्हतं. आईनेच ते सांगितलं.

"तुमचं पान मी दर शुक्रवारी वाचते," ती म्हणाली. "दोनदा वाचते. दहा दिवसांनी पुन्हा औषध लावा, लावलं. ओले केस विंचरा, रोज संध्याकाळी तासभर विंचरले. अभ्रे गरम पाण्यातून काढले, माझं डोकंही दुकानातल्या मैत्रिणीकडून तपासून घेतलं. मला एकसुद्धा ऊ दिसायची नाही आणि गुरुवारी कार्डावर पुन्हा पु.त. मला वाटलं, मलाच कळत नाही. मी तिची सख्खी आई नाही, सिस्टर. सासरी म्हणायला लागले, सख्खी असती तर पोरीच्या डोक्यात इतके दिवस उवा राहिल्या असत्या का? मग शनिवारी सलूनमध्ये नेलं आणि केस कापून टाकले. ती रडली नाही. नुसती आरशात बघत राहिली. मीच रडले तिथे, सगळ्यांसमोर."

सिस्टर खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. त्यांना गप्प बसता आलं असतं. 'ठीक' लिहून कार्ड दिलं असतं, तर आई आभार मानून निघून गेली असती, आणि पुढच्या तपासणीला दोन मिनिटं त्यांना पुन्हा मिळालीच असती.

"तिच्या डोक्यात ऊ नव्हती," सिस्टर म्हणाल्या. "कधीच नव्हती. तुम्हाला दिसत होतं तेच खरं होतं. मी खोटं लिहिलं."

"म्हणजे?"

"मी तिची मावशी आहे. तुमच्या घरी येण्याआधी ती माझ्याकडे होती. मला तिचे केस विंचरायचे होते."

आईने हातातल्या कार्डांकडे पाहिलं. तिला अर्थ लागायला वेळ लागला. "मला सांगितलं होतं, एक मावशी होती, लांब असते म्हणून," ती म्हणाली. "मागितलं असतंत, तर मी नाही म्हटलं असतं का? म्हटलंही असतं कदाचित. पण तुम्ही माझ्या हातून तिचे केस कापून घेतलेत. मला रोज वाटत होतं, मी वाईट आई आहे."

"तुमच्याइतकं कुणी केलं नसतं," सिस्टर म्हणाल्या. "मीसुद्धा नाही. मी आजच मुख्याध्यापिकांना सगळं सांगते आणि इथून बदली मागते. तुम्ही निर्धास्त राहा."

आई निघाली. कार्डं तिने स्टुलावर ठेवून दिली. ती दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली, कडीवर हात ठेवून, आमच्याकडे पाठ करून.

"ती तुम्हाला काय म्हणायची?"

"तिला मावशी म्हणता यायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "माऊ म्हणायची."

आई वळली. तिच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला होता, आणि जे काही उरलं होतं ते बघणं मला जड गेलं.

"झोपेत म्हणते," ती म्हणाली. "आली त्या दिवसापासून. ताप आला, दचकली की माऊ, माऊ. दारापर्यंत चालत जाते झोपेत." तिने तोंडावर हात धरला, मग काढला. "आम्ही तिला मांजर आणून दिलं, सिस्टर."