हरिदादाचा ग्राफ आणि माझे चार खोटे ठिपके

आधीच सांगून टाकते, असले अनुभव वाचून हसणाऱ्यांतली मी आहे. आमच्या घरात देव्हारा नाही, नवस नाही, अंगारा-धुपारा नाही. बाबा बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेले गृहस्थ. मांजर आडवं गेलं की आम्हाला मुद्दाम त्याच रस्त्याने न्यायचे. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण तीस वर्षं पोटात ठेवलं, आता नाही राहवत. कुणाला उलगडा होत असेल तर जरूर सांगा... फक्त ‘मनाचे खेळ असतात’ असं सांगू नका. ते मी स्वतःलाच सांगून थकलेय.

नव्वदीची सुरुवात होती. मी वर्तकनगरला राहायचे आणि वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होते. सहा माणसं, चार कॉम्प्युटर आणि एक एसी, तोही कॉम्प्युटरांसाठी. आम्ही परीक्षांचे निकाल लावायचा प्रोग्रॅम बनवत होतो. मार्क घालायचे, प्रोग्रॅमने बेरजा करून मेरिट लिस्ट काढायची. घेणाऱ्यांची एकच अट होती, दहा हजार मुलांची लिस्ट शंभर सेकंदांच्या आत निघाली पाहिजे.

मला हे काम शिकवलं हरिदादाने. हरिश्चंद्र, ठाण्याच्या कोळीवाड्यातला, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला कुणी मशीनला हात लावू देत नव्हतं. नवीन पोरगी, काहीतरी बिघडवेल... आणि वर्तकनगरमधल्या कुठल्या बिल्डिंगमध्ये राहतेस, आडनाव काय, हे विचारून झालेलंच होतं. हरिदादा उठला, स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, बस इथे. एवढंच. त्या खुर्चीसाठी मी त्याच्याकरता काहीही केलं असतं.

तर हा ग्राफ हरिदादाचा. ऑफिसच्या भिंतीवर ग्राफ पेपर डिंकाने एकाला एक चिकटवत नेले होते. रोज सकाळी अकराला, तेच मशीन, तीच दहा हजार मुलं. मुलं अर्थातच खोटी. दादाने सगळ्यांना माशांची नावं ठेवली होती, मेरिट लिस्टमध्ये कायम कुणीतरी पापलेट पहिला यायचा. प्रोग्रॅम तीनदा चालवायचा, तीन वेळांतली मधली घ्यायची, आधी वहीत लिहायची आणि मग भिंतीवर ठिपका द्यायचा. ठिपका पेनाने. पेन्सिल चालायची नाही. पेन्सिलीचा ठिपका म्हणजे मागाहून विचार बदलायची सोय, असं तो म्हणायचा. आणि एकही दिवस चुकवायचा नाही, कारण प्रोग्रॅम कुठल्या बदलाने मंदावला हे मग शोधता येत नाही.

सात-आठ महिन्यांत तो ग्राफ दीडशे सेकंदांवरून उतरत उतरत अठ्ठ्याण्णव पॉइंट चारला आला आणि तिथे आडवा झाला. सर, म्हणजे आमचे मालक, एवढे खूश की भिंतीसमोर उभे राहून चहा प्यायचे.

मग एका सोमवारी हरिदादा आला नाही. ताप आलाय, वहिनीचा फोन होता. मी अकराला टेस्ट चालवली तर नव्याण्णव पॉइंट सहा. म्हटलं असेल काहीतरी. मंगळवारी शंभर पॉइंट चार. बुधवारी एकशे एक पॉइंट दोन.

आता बघा, प्रोग्रॅममध्ये कुणी एक ओळही बदललेली नव्हती. मग मी शोधायला लागले. मागच्या महिन्याची फ्लॉपी घालून जुना प्रोग्रॅम चालवला, ज्याचा ठिपका भिंतीवर अठ्ठ्याण्णव पॉइंट चारला होता. तोही एकशे एक पॉइंट दोन. दुसऱ्या मशीनवर चालवला, तेच. डिस्क पुसून सगळं नव्याने भरलं, तेच. सरांचा चहा बंद झाला. पुढच्या बुधवारी प्रोग्रॅम घेणारी पार्टी बघायला येणार होती आणि सर मला रोज विचारायचे, तू नेमकं काय केलंस? मी काहीच केलं नाही म्हटलं की आणखी चिडायचे.

शुक्रवारी एकशे दोन पॉइंट आठ. हरिदादाला एव्हाना हॉस्पिटलात हलवलं होतं. मी संध्याकाळी वही घेऊन गेले, भेटायलाही आणि खरं सांगायचं तर विचारायलाही. तो कुणाला ओळखण्याच्या पलीकडे गेला होता. डोळे अर्धे उघडे, ओठ सुकलेले. वहिनी उशाशी ओल्या फडक्याने कपाळ पुसत होती. डॉक्टरांना ताप कसला ते कळत नव्हतं, हिवताप नाही, टायफॉइड नाही, औषधं बदलून बदलून बघत होते.

विचारणार काय डोंबल. मी खाटेच्या पायाशी नुसती उभी राहिले. तिथे तापाचा कागद टांगलेला होता, तोही ग्राफच. दुपारी बाराच्या रकान्यांवर नजर गेली. सोमवार-मंगळवारचा ताप वहिनीने घरी मोजून सांगितलेला, नर्सने तोही मांडला होता. नव्याण्णव पॉइंट सहा. शंभर पॉइंट चार. एकशे एक पॉइंट दोन... आणि त्या दिवशीचा, एकशे दोन पॉइंट आठ.

मी वही उघडली. एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहिला. गुरुवारचाही जुळला.

योगायोग. दुसरं काय म्हणणार? बसस्टॉपपर्यंत मी स्वतःला शंभरदा ते ऐकवलं. शनिवारी अकराला टेस्ट चालवली, एकशे तीन पॉइंट सहा. ठिपका दिला आणि सरांना दात दुखतोय सांगून पळाले. बाराला मी खाटेजवळ होते. नर्सने थर्मामीटर उजेडाकडे धरून पाहिला आणि लिहिलं, एकशे तीन पॉइंट सहा. मी खाटेचा गज धरला. वहिनी म्हणाली, बस गो बाय, तू काय खाल्लंस का नाय.

रविवारी ऑफिस बंद, पण मी चावी मागून गेले. एकशे चार पॉइंट चार. हॉस्पिटलात तेच. डॉक्टर वहिनीला बाहेर नेऊन सांगत होते की अजून चढला तर हाताबाहेर जाईल, माणसं बोलावून घ्या. वहिनी मान हलवत ऐकत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. दोन मुली होत्या त्यांना, थोरली चौथीत.

त्या रात्री मी काय काय विचार केला ते लिहीत नाही. सोमवारी साडेदहाला मशीन सुरू केलं. तीनदा चालवलं. एकशे पाच पॉइंट दोन. परत तीनदा, परत तेच. प्रोग्रॅम घाईघाईने सुधारायचा प्रयत्न केला, हाताला येईल ते काढून टाकलं, एक सेकंदही कमी होईना. रडकुंडीला आले. वहीत लिहिलं, एकशे पाच पॉइंट दोन. पेन घेऊन भिंतीपाशी गेले... आणि हात पुढे जाईना. तो ठिपका दिला की बाराला काय होणार हे मला माहीत होतं. माहीत म्हणजे काय, मला तसं वाटत होतं. पण त्या क्षणाला दोन्ही एकच होतं हो.

मी ठिपका एकशे एकवर दिला.

आयुष्यात पहिल्यांदा खोटी नोंद केली. परीक्षेत कधी शेजारच्याच्या पेपरात डोकावले नव्हते मी. बाबांनी एकच शिकवलं होतं, आपल्याला लोक दुप्पट तपासून घेतात, तेव्हा आपला कागद स्वच्छ पाहिजे. आणि मी पेनाने, हरिदादाच्या ग्राफवर, धडधडीत खोटं लिहिलं.

साडेबाराला हॉस्पिटलात फोन लावला. वहिनीला बोलावून आणेपर्यंत जीव टांगणीला. ती आली आणि रडतच बोलली, ‘उतारला गो बाय. एकशे एक झालाय. पाणी मागितलंन.’

मंगळवारी प्रोग्रॅमला लागले एकशे सहा, मी ठिपका दिला शंभरवर. ताप शंभर. डॉक्टर म्हणाले नवीन औषध लागू पडलं. असेलही. बुधवारी एकशे सात पॉइंट दोन लागले, मी दिला नव्याण्णववर. सरांनी भिंतीकडे पाहिलं आणि आठवड्याभराने चहा मागवला.

दुपारी पार्टी आली. त्यांच्यातल्या एकाने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि प्रोग्रॅम चालू करायला सांगितलं. एकशे सात सेकंद. ते लोक हसून, बघू, कळवतो म्हणून निघून गेले.

गुरुवारी अकराला एकशे आठ लागले. साडेअकराच्या सुमारास मी शेवटचा ठिपका दिला, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. वळले तर सर माझी वही हातात घेऊन उभे. वही आणि भिंत, त्यांनी दोन्ही ताडून पाहिलं होतं. ओरडले नाहीत. उलट खुर्ची ओढून समोर बसले आणि शांतपणे बोलले की घाबरून केलंस, समजू शकतो. ‘खरे आकडे आहेत वहीत. आत्ता माझ्यासमोर ते चार ठिपके लाल पेनाने बरोबर लाव. मी कुणाला बोलणार नाही, नोकरी राहील.’

चांगला माणूस होता हो. दुसऱ्याने हाकलूनच दिलं असतं.

लाल पेन त्यांनी माझ्या हातात दिलं. मी भिंतीकडे पाहिलं. चार ठिपके वर सरकवायचे, बस. एकशे पाच, एकशे सहा, एकशे सात, एकशे आठ... बाराला वीस मिनिटं कमी होती.

मी नाही म्हटलं. का, तर कारण सांगता येईना. सांगितलं असतं तर वेडीच ठरले असते. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा नाही म्हटलं. मग ते उठले, आणि मीही उठले. शेवटचे दोन कागद भिंतीवरून ओरबाडून काढले, त्यांच्या हातातून वही घेतली आणि बाहेर पडले. ती माझी शेवटची नोकरी, कॉम्प्युटरमधली. ठाण्यात तेव्हा असल्या कंपन्या होत्या किती, आठवड्यात सगळ्यांना कळलं. नंतर आणखी एक कळलं. हरिदादा हॉस्पिटलातून घरी आला त्या दिवसापासून तोच प्रोग्रॅम त्याच मशीनवर परत अठ्ठ्याण्णव पॉइंट चारला चालू लागला. कुणीही काही न बदलता. साहजिकच सगळ्यांनी काढायचा तो अर्थ काढला, ही पोरगीच काहीतरी करत होती.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, हरिदादा वहिनीला घेऊन आमच्याकडे आला. वर्तकनगरचे तीन जिने चढून आला, दारात धापा टाकत उभा. हाडं राहिली होती नुसती. मी एवढी हरखले की त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. पाणी दिलं, चहा टाकला. त्याने पिशवीतून कोरा ग्राफ पेपर काढला आणि खिशातलं पेन.

‘वही आण. आकडे वाच, मी लावतो. तो ग्राफ माझ्या नावाचा आहे.’

मी म्हटलं, दादा, नको. तो म्हणाला, आण. बाबा आतल्या खोलीतून उठून दारात आले. मग मी सांगितलं. सगळं, पहिल्या सोमवारपासून. माझ्याच कानांना ते कसं ऐकू येत होतं मला माहीत आहे. बाबांनी मान खाली घातली. वहिनी माझ्याकडे टक लावून बघत होती. तिने तो तापाचा कागद रोज पाहिलेला होता, तिला सगळे आकडे पाठ होते. पण तिने फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

हरिदादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘चूक केलीस, मी समजून घ्यायला आलेलो. पण तू माझ्या मरणाआड लपतेयस, संध्या. एवढी खालच्या थराची नव्हतीस तू.’

वही टेबलावरच होती. त्याने हात पुढे केला. त्याच्याआधी मी ती उचलली, त्या चार दिवसांची पानं टराटरा फाडली आणि स्टोव्हच्या जाळात घातली. चहा उतू गेला. त्याने पेनाचं टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि कठड्याला धरत धरत जिना उतरला. वहिनी मागून गेली. बाबा त्या दिवशी माझ्याशी जेवतानाही बोलले नाहीत, आणि नंतर हा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, औषधाने बरा झाला. मीही तेच म्हणते, बहुतेक दिवस. थर्मामीटर ठिपका बघून चढत-उतरत नाही, एवढं मला कळतं. मग आठ-दहा दिवसांचे आकडे पॉइंटसकट कसे जुळले? आणि जुळले तरी प्रोग्रॅम कशाने मंदावला? मशीनमधल्या जाणकारांना नाव न सांगता विचारून पाहिलं. कुणी धूळ म्हणालं, कुणी व्होल्टेज. मला पटलं नाही. उत्तर माझ्याकडे नाही, पूर्वीही नव्हतं. आणि मी सरांचं ऐकून ठिपके लाल पेनाने नीट लावले असते तर काय झालं असतं, हे मला कुणीच सांगू शकणार नाही. तेवढ्यासाठी अजून झोप उडते.

पुढे लग्न होऊन मी कल्याणला आले, शिकवण्या घेतल्या, संसार झाला. हरिदादा मला एकदाच दिसला, बारा-तेरा वर्षांनी, ठाण्याच्या भाजी मार्केटात. सोबत थोरली मुलगी होती, तिच्या कडेवर बाळ. त्याने मला ओळखलं. क्षणभर थांबला, मग बाळाला तिच्याकडून स्वतःकडे घेतलं आणि मला टाळून रस्ता ओलांडून पलीकडे गेला. मी हाक मारली नाही. भाजीची पिशवी धरून उभी राहिले आणि तो वळणाआड जाईपर्यंत बघत होते. चांगला चालत होता हो. झपाझप.