नेकनूरच्या गाडीतला राक्षस

नेकनूरहून बीडला क्लासला जाणाऱ्या आम्हा पोरींचा एक रिवाज होता. एसटी थांबायच्या आत जी पुढे पळेल तिनं खिडकीतून ओढणी आत टाकायची आणि मैत्रिणीची जागा धरायची. माझी जागा कायम एकच मैत्रीण धरायची. बदल्यात मी तिला जपानी कार्टून सांगायचे.

कार्टून म्हटलेलं मला खपत नसे. अ‍ॅनिमे म्हणा, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. कुणी म्हणत नसे. भावाच्या मोबाइलवर खाली येणारी इंग्रजी अक्षरं वाचत मी ते बघायचे आणि सकाळी गाडीत मराठीत सांगायचे. हळूहळू मागचे सगळे बाक ऐकायला लागले. तिकिटं फाडून झाली की कंडक्टरही तिथंच रेंगाळायचे.

गोष्ट साधी होती. एका पोरीचं गाव राक्षसानं जाळलेलं असतं. त्याला मारायचं म्हणून ती तलवार शिकते, हात मोडून घेते, परत शिकते. असल्या गोष्टीचा शेवट काय असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या गाडीलाही होतं.

मैत्रिणीचा मात्र त्यात जीव अडकला होता. यंदाच्या सरकारी भरतीत नंबर लागला तर ठीक, नाहीतर लग्न, असं घरच्यांनी तिला सांगून ठेवलं होतं. "ती राक्षस मारंल तवर माजा पेपर हुईल बग," ती म्हणायची आणि मांडीवरचं सामान्य ज्ञान उघडायची.

मग शेवटचा भाग आला. पोरगी डोंगर चढून राक्षसाच्या दारात पोचते. राक्षस म्हातारा होऊन केव्हाच मेलेला असतो. परसात त्याची जुनी मोलकरीण वांगी तोडत असते. पोरगी तलवार भिंतीला टेकवते आणि तिच्याबरोबर वांगी तोडायला बसते. संपलं.

मला तो शेवट फार आवडला. मी रडले. जगाला आवडला नाही. लोकांनी इंटरनेटवर दिग्दर्शकाच्या आईबापाचा उद्धार केला, कुणी पोस्टर जाळून त्याचे फोटो टाकले. नेकनूरच्या गाडीत दिग्दर्शक नव्हता, पोस्टरही नव्हतं. मी होते.

"हिला इंग्रजी कळलंच न्हाई," एक म्हणाली. "मदला भाग गाळला हिनं," दुसरी म्हणाली. कंडक्टर समजुतीनं म्हणाले, "असं कुटं असतंय का ताई? परत बगा नीट."

सगळ्यांत जास्त चिडली ती मैत्रीण. "इतकी वर्सं शिकली ती, आन समोर कुनीच न्हाई? मग शिकली कावून?"

दुसऱ्या दिवशी तिची ओढणी तिच्याच गळ्यात होती. मी बीडपर्यंत उभी गेले, आणि त्यानंतरही उभीच जात राहिले. मला फार वाईट वाटायचं. त्या दिग्दर्शकालाही कुणी जागा धरत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालायचे.

पुढे भरतीच लांबली. कधी होणार, कुणी सांगेना. तिच्या घरचे काही थांबणार नव्हते. वडवणीचं स्थळ आलं, सुपारीही फुटली.

क्लासच्या तिच्या शेवटच्या दिवशी मी सवयीनं मागून चढले, तर खिडकीजवळच्या बाकावर ओढणी पसरलेली. मी बसले. बाहेर बघतच तिनं विचारलं,

"मग फुडं काय केलं तिनं?"

"तिथंच संपतं गं."

"वांगी तोडल्यावर म्हन्ते मी. दुसऱ्या दिवशी."

दुसरा दिवस त्या दिग्दर्शकानं दाखवलाच नव्हता. तेव्हा पहिल्यांदा मलाही त्याचा संताप आला. मी म्हणाले, "दुसऱ्या दिवशी तिनं तलवार उचलली आणि डोंगराच्या पलीकडं उतरली. तिथं एक गाव होतं. तिथल्या पोरी तिची वाटच बघत होत्या."

"खोटं बोलायलीस," ती म्हणाली. तिनं ओढणीनं डोळे पुसले. "पन बीड येईस्तोर सांग."