मागच्या सीटचे पट्टे

नव्वदच्या दशकात मी अंबडच्या एका कारखान्यात जर्मन यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणायचं काम करत होते. नाशकात जर्मन येणारी माणसं मोजकीच. त्यामुळे एका अनाथाश्रमाने मला दुभाषी म्हणून बोलावलं. एक जर्मन जोडपं तिथल्या चार वर्षांच्या मुलीला न्यायला आलं होतं.

देशातलं कुठलंच कुटुंब पुढे आलं नाही, तेव्हाच परदेशी जोडप्याचा विचार झाला होता. नियमच तसा होता. न्यायालयाचा हुकूम त्यांना समजावून सांगताना मी मध्येच थांबले आणि आश्रमाच्या वकीलबाईंना विचारलं, "यात दत्तक हा शब्दच नाही. नुसतं 'पालक' आहे."

"परदेशी जोडप्याला इथे पालकत्वच मिळतं. दत्तकाचं काम त्यांच्याकडच्या कोर्टात होतं."

"मग विमानात ती कोणाची?"

वकीलबाई हसल्या. "हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. कागदावर त्यांच्या ताब्यातली. बाकीचं तिलाच विचारा."

मुंबईच्या विमानतळापर्यंत मोटारीने जायचं होतं. पाणी उकळून प्या, रात्रीचा प्रवास टाळा, पट्टा लावल्याशिवाय गाडीत बसू नका, असं त्यांच्या सरकारने बजावलं होतं. पहिल्या दोन गोष्टी जमल्या. टॅक्सीला मात्र मागे पट्टेच नव्हते.

"मॅडम, मागं बसल्यावर पट्टा कशाला?" ड्रायव्हर म्हणाला.

इतके दिवस सगळ्याला मान डोलावणारी ती जर्मन बाई ठाम झाली. "मी हिची कित्येक वर्षं वाट पाहिली. घाटातून तिला अशी नेणार नाही."

शेवटी माझ्या शेजारच्या द्राक्षबागायतदार काकांनी आपली नवी गाडी काढली. पट्टे सीटखाली दबलेले होते. ते ओढून काढताना काका म्हणाले, "हे इथं हाय, आम्हालाच ठाव नव्हतं."

मुलीला बसवून पट्टा लावायला गेलो, तर ती किंचाळली, "मला बांधू नका! मी पळून नाही जाणार!"

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मुलीशेजारी बसली, आधी स्वतःला पट्टा लावला, मग खटका दाबून तो कसा सुटतो ते दाखवलं. पोरीने अंगणातच तो कितीदा तरी लावला, सोडला. आपल्या हाताने सुटतो याची खात्री झाल्यावर शेवटचा लावला आणि काकांना म्हणाली, "चला."

विमानतळावर मी बाहेरूनच परत फिरले. वर्षभराने त्या जर्मन बाईंचा फोन आला. तिकडच्या न्यायालयाने दत्तक मंजूर केलं होतं. त्यांनी फोन मुलीकडे दिला. मी आनंदाने विचारलं, "कशी आहेस गं?"

पलीकडे ती आईला जर्मनमध्ये विचारताना ऐकू आली, "ही बाई कुठली भाषा बोलते?"

क्षणभर मला वाईट वाटलं. वर्षभरात भाषा अशी कशी काय जाते? मग मी जर्मनमध्ये माझी ओळख सांगितली. "तुम्ही कुठे राहता, तुमच्याकडे मांजर आहे का, मला तुम्ही कशा ओळखता?" तिचे प्रश्न सुरू झाले, ते संपेचनात.